साडेआठची मालिका, साडेदहाला

संध्याकाळच्या ओपीडीला सुरू होण्याची वेळ असते, संपण्याची नसते, हे वैद्यकीय मित्रांना निराळे सांगायला नको. कोप्पीकर रोडवरून घरी पोहोचेपर्यंत मला रात्रीचे दहा वाजत. आईची साडेआठची मराठी मालिका तोवर संपलेली असे. दिवसभर कन्नड मुलखात वावरल्यावर तेवढा अर्धा तास मायबोलीचा; तो दोघांनी मिळून पाहावा, अशी तिची इच्छा. म्हणून २००६ साली घरातील जुना संगणक दूरदर्शन संचाला जोडण्याचे मी ठरविले.

कृती अवघड नव्हती. संगणकाच्या पीसीआय खाचेत टीव्ही ट्यूनर कार्ड बसविले, त्यास केबलची वायर जोडली आणि टीव्ही-आऊटमधून चित्र संचावर नेले. मात्र कार्डाची निवड महत्त्वाची होती. साध्या कार्डात ध्वनिचित्रमुद्रणाचा सारा भार प्रोसेसरवर पडतो आणि जुन्या यंत्रावर चित्र अडखळते. एमपीईजी-२ एन्कोडर असलेले कार्ड ते काम स्वतःच करते. तासाभराच्या चांगल्या मुद्रणास सुमारे २ जीबी जागा लागे. १६० जीबीच्या डिस्कवर सत्तरेक तास मावत. पंख्याची घरघर बैठकीच्या खोलीत खटकू लागली, तेव्हा मोठा व संथ फिरणारा पंखा बसविला. वीज जाण्यावर यूपीएस होताच.

महिनाभर साडेआठची मालिका आम्ही साडेदहाला पाहिली. एके रात्री पडद्यावरील पात्र बोलण्याआधीच आई हसली.

‘‘तू ही आधीच पाहिलीस?’’ मी विचारले.

‘‘रोजच पाहते. पण तुझ्याबरोबर कुठे पाहिलेली असते?’’

मी निरुत्तर झालो. आमच्या घरात मुद्रणाची सोय झाली होती. उणीव मात्र वेगळीच होती. त्या आठवड्यापासून दर गुरुवारी ओपीडी आठला बंद करू लागलो.

पुढे २०१२ ते २०१७ या काळात देशातील केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. वाहिन्या सेट-टॉप बॉक्समधूनच उलगडू लागल्या आणि माझे कार्ड निरुपयोगी ठरले. बॉक्सची वायर कार्डाच्या व्हिडिओ-इनपुटला जोडून काही दिवस काम भागविले. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटरही वगळले. हौशी मंडळींसाठी लिनक्सवरील मिथटीव्ही आणि कोडी हे मोफत पर्याय आहेत. एरवी बहुतेक मालिका आता इंटरनेटवरून हव्या त्या वेळी पाहता येतात.

आई आज नाही. जुनी डिस्क कपाटात आहे; तिच्यावरील मालिका मी पुन्हा पाहिलेल्या नाहीत. गुरुवारचा नियम मात्र मोडलेला नाही. आता शेजारी नातवंडे असतात, आणि त्यांनी आधी पाहिलेले कार्यक्रम मी त्यांच्यासोबत मुकाट्याने पुन्हा पाहतो.