पित्ताशय काढल्यानंतर घरी कशाकडे लक्ष द्यावे?

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. आज ती नेहमीची झाली आहे. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. गुंतागुंत झालीच, तर तिची लक्षणे बऱ्याचदा घरी गेल्यावर दिसतात.

काय नेहमीचे?
पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. टाक्यांजवळचे दुखणेही रोज थोडे कमी व्हायला हवे.

काय धोक्याचे?
• पोटदुखी वाढणे, पोट फुगणे, उलट्या : पित्त पोटात गळत असू शकते.
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौचास पांढरट, अंगाला खाज : पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो किंवा नलिकेला इजा झालेली असू शकते. अशी इजा हजारात साधारण ३ ते ५ रुग्णांना होते.
• थंडी वाजून ताप, जखमेतून पू : जंतुसंसर्ग.

ही कावीळ झाडपाल्याच्या औषधाने किंवा पथ्याने बरी होत नाही. त्यात आठवडा गेला, तर जिवावर बेतू शकते. वेळेत गेल्यास अनेकदा तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढता येतो किंवा गळतीसाठी स्टेंट बसवता येतो.

त्याच दिवशी सर्जनना फोन करा. डोळखांब, टोकावड्याहून ठाणे लांब आहे. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.