गोदामाची वाळू

गोदाम बांधूं इच्छिणाऱ्या संस्थांस पैशापेक्षां मालाची अडचण अधिक नडते, असा आमचा अनुभव आहे. पूर्वीं सिमेंटकरितां परवान्यामागें फिरावें लागे. तें नियंत्रण सन १९८९ मध्यें पूर्णपणें उठलें. आतां अडते ती वाळू. सर्वोच्च न्यायालयाच्या सन २०१२ च्या आदेशानें पांच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांसही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरली. लिलाव लांबतात, पावसाळ्यांत उपसा बंद असतो, आणि ऐन गरजेच्या वेळीं वाळू मिळत नाहीं.

आमच्या सोसायटीचें गोदाम असेंच जोत्यावर येऊन थांबलें. पाऊस तोंडावर आलेला, सभासदांचा हरभरा पडव्यांतून पडलेला. अशांत एक गाडीवाला म्हणाला, "पास नाहीं, पण आज रात्रीं माल टाकतों." पंचमंडळी राजी झाली. आमचा जन्म महसुली कारकुनींत गेलेला. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणें विनापरवाना वाळूस बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होतो, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं नको म्हटलें. पुढें पंधरा दिवस काम बंद राहिलें, दोन घरचा हरभरा भिजला, आणि त्या घरांचे बोल आम्हीं मुकाट्यानें ऐकून घेतले.

वाट निघाली ती दगडाच्या वाळूची. दगड फोडून केलेली वाळू भारतीय मानक ३८३ (सन २०१६) यास मान्य आहे. इंजिनियरांस विचारून ती आम्हीं खडीकेंद्रावरून पास व पावतीसह आणविली, आणि भिंती उठल्या.

या खटाटोपांत शिकलों तें असें. वाळूची ब्रास म्हणजे १०० घनफूट. परंतु ओलसर वाळू फुगते, व बारीक असल्यास पाव हिश्शानेंही अधिक दिसते. बादलीभर ओली वाळू पाण्यांत बुडवून बसूं द्यावी. खरें माप कळतें. लोखंड वजनानें घ्यावें. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारें ०.८९ किलो भरते. सिमेंट सर्वांत शेवटीं आणावें, कारण तीन महिने पडून राहिल्यास त्याचें सुमारें पंचमांश बळ जातें. वाळूची तजवीज मात्र पाया खणण्यापूर्वींच करावी.

आम्हीं ती आधीं केली असती, तर तो हरभरा वांचला असता. इतर सोसायट्यांनीं आमच्या चुकीवरून शहाणें व्हावें, एवढ्याकरितांच हा लेखनप्रपंच.