विक्रीच्या नोंदींवरून आडवा-उभा तक्ता

हापुसाचा हंगाम आटोपला कीं बागायतदार मंडळाच्या चिटणिसापुढें एकच प्रश्न उभा राहतो: पुढल्या वर्षीं गिरगांवांत किती पेट्या पाठवाव्या, दादरला किती, आणि परळ-लालबागेंत किती? इ. स. २०१६ मध्यें महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजारसमितीच्या नियमनांतून मुक्त झाला, तेव्हांपासून मुंबईच्या दुकानदारांस थेट माल देणें सोपें झालें. पण आडत्याची पट्टी येई तेव्हां हिशेबहि त्याचाच असे. आतां तो आपला आपणांसच ठेवावा लागतो. आणि आंबा कांहीं कांद्यासारखा चाळींत पडून राहत नाहीं. ज्या भागांत चार पेट्या जास्त गेल्या तेथें त्या डागाळतात, व तें नुकसान बागेच्या धन्याच्या पदरीं येतें.

नोंदी संगणकावर ठेवणें इष्टच होय. एका तक्त्यांत गिऱ्हाइकें व त्यांचा भाग, दुसऱ्यांत बिलें, तिसऱ्यांत वसुली, आणि क्रमांकांच्या योगानें या तिहींचें नातें जोडावयाचें, ही पद्धति एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. तींत एक बिल म्हणजे एक ओळ. चिटणिसास मात्र हवा असतो आडवा-उभा तक्ता: बाजूस भाग, माथ्यावर महिने, चौकटींत रुपये. यासच एक्सेल वापरणारे लोक पिव्हट म्हणतात. एसक्यूएल भाषेंत तो करावयाचा तर भागाप्रमाणें ओळी एकत्र कराव्या, आणि प्रत्येक महिन्याच्या रकान्यास एक अट घालावी. बिल एप्रिलचें असेल तर त्याची रक्कम धरावी, नसेल तर शून्य धरावें, व या सर्वांची बेरीज घ्यावी. मूळ नोंदवहींतच महिन्यांचे रकाने पाडून ठेवण्याचा मोह कित्येकांस होतो. तो टाळावा, उद्यां महिन्याऐवजीं दुकानवार हिशेब हवा झाला तर सारें लिखाण पुन्हां करावें लागेल.

येथवर काम सोपें आहे. खरा धोका पुढें आहे, आणि आमच्याहि हातून ही चूक एकदां झालेली आहे. समजा, गिरगांवच्या एका दुकानदाराचें ६,००० रुपयांचें बिल झालें व त्यानें तें एकरकमी चुकतें केलें. लालबागच्या दुकानदाराचेंहि बिल ६,००० रुपयांचेंच, पण त्यानें दोन दोन हजारांचे तीन हप्ते दिले. आतां बिलांचा तक्ता वसुलीच्या तक्त्याशीं थेट जोडला, तर लालबागचें बिल हप्त्यागणिक एकदां, म्हणजे तीन वेळां येतें, आणि चौकटींत १८,००० रुपये दिसतात. गिरगांवचे ६,०००च राहतात. हा तक्ता पाहून कोणीहि म्हणेल कीं लालबागेंत तिप्पट विक्री आहे, पेट्या तिकडेच वळवा! वास्तविक उधारीवर नेणारें गिऱ्हाईक तेवढें तेथें आहे.

जुने कारकून म्हणतील, आडवी व उभी बेरीज ताडून पाहा. पाहावी, पण ती येथें बिनचूक जुळते! चूक तक्ता मांडण्यापूर्वींच शिरलेली असल्यामुळें दोन्ही बेरजा सारख्याच फुगतात. म्हणून कोपऱ्यांतील एकूण बेरीज नुसत्या बिलांच्या तक्त्याच्या बेरजेशीं ताडली पाहिजे. वसुली हवीच असेल तर प्रथम बिलागणिक हप्त्यांची बेरीज करून प्रत्येक बिलास एकच ओळ आणावी, आणि मगच जोडावी.

दराच्या बाबतींत असेंच फसावयास होतें. १० डझन १,२०० रुपये दरानें व ५० डझन ६०० रुपये दरानें गेले, तर दोन दरांची सरासरी ९०० येते. पण एकूण ४२,००० रुपयांस ६० डझनांनीं भागलें असतां दर पडतो ७०० रुपये. तक्त्यांत रुपयांची बेरीज व डझनांची बेरीज ठेवावी, आणि भागाकार सर्वांत शेवटीं करावा. शून्याचेंहि तसेंच. परळापुढें मार्चमध्यें शून्य दिसलें, तर माल गेलाच नाहीं कीं गेला आणि खपला नाहीं, हें विक्रीच्या नोंदींवरून कळत नाहीं. त्याकरितां रवानगीची नोंद शेजारीं हवी.

राहतां राहिला भागाचा प्रश्न. कोणी 'दादर' लिहितो, कोणी 'दादर प.', आणि संगणक त्यांस दोन निरनिराळे गांव समजतो. पिनकोडावर विसंबावें तर दादरचे दोन आहेत, पूर्वेस ४०००१४ व पश्चिमेस ४०००२८. उलट परळ आणि लालबाग या दोहोंचा एकच, ४०००१२. तेव्हां भागांची एक ठराविक यादी हंगामापूर्वींच करून तिला क्रमांक द्यावे, व नवें गिऱ्हाईक नोंदतांना भाग त्या यादींतूनच निवडावा. पेट्या गाडींत चढूं लागल्यावर हें काम करावयास कोणासच सवड मिळत नाहीं.