जांभळाचे झाड आणि मेंढा गाव

षट्लेश्या समजावून सांगताना पाठशाळेत जे चित्र दाखविले जाते, ते बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला झाड मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे; आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचली तरी पोट भरेल. भूक सहाही जणांची सारखीच आहे, भेद आहे तो परिणामांचा.

हे चित्र ज्यांनी कधी पाहिले नसेल, अशा गोंड आदिवासींच्या एका गावाने सहाव्या वाटसरूकडे जाणारे नियम स्वतःसाठी घालून घेतले आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे ते गाव. सुमारे शंभर उंबऱ्यांचे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्यात हा परिसर जागा झाला. धरणांचा प्रश्न मागे पडल्यावर बहुतेक आंदोलने विरून जातात. मेंढा येथे मात्र गावकऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: दुसऱ्याला जंगल बुडवू दिले नाही, पण आपण स्वतः त्याच्याशी कसे वागतो?

पूर्वी फळांसाठी वा मधासाठी प्रसंगी फांदीच काय, झाडही तोडले जात असे. ते ग्रामसभेने बंद केले. जंगलाला आग लावायची नाही, अतिक्रमण करायचे नाही, घरच्या गरजेपुरतेच लाकूड आणायचे, बाहेरच्यांनी ग्रामसभेला विचारल्याखेरीज काही न्यायचे नाही, अशी बंधने आली. मधाची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. जाळ करून आग्या मोहोळ झाडण्याची जुनी रीत असंख्य माश्यांचा बळी घेणारी होती. त्याऐवजी अंगभर संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मध भरलेला भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, ही पद्धत गावातील तरुण शिकले. आपल्या आचारात मध सर्वथा वर्ज्य आहे आणि या पद्धतीमुळे तो ग्राह्य ठरत नाही, हे खरे. परंतु ज्यांची उपजीविकाच वनावर आहे, त्यांनी हिंसा कमी करण्यासाठी उचललेले हे पाऊल लहान मानता येणार नाही.

या सर्वांच्या मुळाशी निर्णय घेण्याची एक रीत आहे. मेंढा येथे बहुमत चालत नाही. ग्रामसभेत स्त्री-पुरुष सर्व बसतात, आणि एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलला जातो. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ गावाला लाभली. पण तेथे कोणी एक नेता हुकूम सोडत नाही. त्याआधी ‘अभ्यास गट’ असतो. तेथे विषयाची केवळ चर्चा होते, माहीतगार बाहेरचा असला तरी ऐकला जातो, मात्र निर्णय होत नाही. समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असेल, हे अनेकांतवादाचे सूत्र आपण व्याख्यानात ऐकतो. संस्थेच्या वार्षिक सभेत मात्र आपण हात वर करून मोजणी करतो आणि अल्पमतातील बंधू पुढच्या वर्षी सभेला येत नाहीत.

सर्वसंमतीला वेळ फार लागतो, ही टीका रास्त आहे. पण एकदा ठरल्यावर राखण करायला पगारी रखवालदार लागत नाही, कारण प्रत्येकाने स्वतः होकार दिलेला असतो. हिशेब त्या बाजूनेही मांडला पाहिजे.

‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा कागदावर येण्यास मात्र दीर्घकाळ गेला. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये मेंढा गावास सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले होते. जुन्या 1927 च्या वन कायद्यात तो वृक्षांत मोडत असे. त्यामुळे हक्क मिळूनही वाहतूक परवान्यावाचून बांबू विकता येईना. एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली, तेव्हा ही कोंडी फुटली.

पैसा आला की खरी परीक्षा सुरू होते. बांबूच्या बेटातील कोवळे कोंब राखून पक्व बांबू तेवढाच काढला, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. लोभाने सरसकट कापले तर मुद्दलच संपते. विक्रीची रक्कम ग्रामसभेकडे येते, तिचा विनियोग सभेपुढे ठरतो.

2013 मध्ये गावाने याहून कठीण पाऊल उचलले. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली शेतजमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरले. कसण्याचा हक्क कुटुंबाकडे व वारसांकडे राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी द्यावा लागतो, आणि जमीन परस्पर बाहेरच्यास विकता येत नाही. कायद्याला त्यासाठी मोठे बहुमत पुरेसे होते. मेंढा गावाने तेथेही सर्वांचा होकार घेतला.