सही कुणाची?

बँकेत माझी उमेद गेली ती चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात. सही खरी, नाहीतर खोटी. तिसरं काही नसतं, असंच वाटायचं.

आता वसईच्या घरात भिंतीवर चार निळे घोडे आहेत. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क याने ते १९१३ साली रंगवले. १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत तो मारला गेला. नाझींनी १९३७ साली म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात हे चित्र हेटाळणीसाठी मांडलं. पुढे गोअरिंगने ते बळकावलं. १९४५ पासून ते बेपत्ता आहे. उरल्या त्या नकलाच.

माझी नक्कल नालासोपाऱ्याच्या एका पेंटरने छापील चित्रावरून केली. फ्लेक्स आले आणि त्याचं पाट्या रंगवण्याचं काम सुटलं. त्याचे घोडे थोडे टांग्याच्या घोड्यांसारखे थकलेले दिसतात.

चित्र संपल्यावर त्याने विचारलं, “साहेब, सही कुणाची करू?”

मार्कची केली असती, तर ती बनावट ठरली असती. म्हटलं, “तुमचीच करा.”

पाट्यांच्या कोपऱ्यात लिहायचा तसंच त्याने बारीक अक्षरांत आपलं नाव लिहिलं. तेवढी सही मात्र मला ताडून पाहावी लागत नाही.