उपग्रहांच्या साह्याने शेताची मोजणी

शेतीचा हिशेब क्षेत्रापासून सुरू होतो. बियाणे किती घ्यावे, खत किती द्यावे, नांगरटीचे भाडे किती द्यावे, हे सारे शेताच्या मापावर अवलंबून असते. पूर्वी हे माप साखळीने घेत. ३३ फुटांच्या साखळीचे १६ आणे असत. एक साखळी लांब व तितक्याच रुंद जागेस गुंठा म्हणत. आज साधा मोबाइल फोन बाळगणारा शेतकरीही बांधावरून चालत जाऊन आपल्या शेताचे क्षेत्र काढू शकतो. तथापि या साधनाची शक्ती व मर्यादा दोन्ही समजून घेणे अवश्य आहे. नाही तर सोयीपोटी तंटा उभा राहतो.

स्थान कसे कळते?

जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान व अचूक वेळ रेडिओलहरींद्वारे सतत कळवीत असतो. लहर पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. निदान चार उपग्रहांच्या लहरी मिळाल्या की आपले स्थान ठरते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. वातावरणातून येताना लहरींना विलंब होतो. झाडे व भिंती यांचाही अडथळा होतो. म्हणून फोनवरील स्थान मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरपर्यंत चुकू शकते. दाट आमराईत ही चूक आणखी वाढते.

फोनचे माप कोठे चालेल?

थोड्या वेळात घेतलेल्या मापात बहुधा सर्व कोपरे एकाच दिशेने सरकतात. त्यामुळे क्षेत्राचा अंदाज बराच जुळतो, पण बांधाची जागा मात्र चुकते. यास्तव नांगरटीचे अथवा कापणीयंत्राचे भाडे ठरविणे, फवारणीच्या औषधाचा अंदाज काढणे, यांसाठी फोनचे माप उपयोगी आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाच्या छायाचित्राबरोबर स्थानाची नोंद होते. म्हणून छायाचित्र त्याच गटात उभे राहून घ्यावे.

बांधाच्या वादात मात्र फोनवर विसंबू नये. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. त्या बाजूचा बांध केवळ २ मीटर सरकला, तर १२८ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठा जमीन इकडची तिकडे होते. एवढ्या जमिनीपायी भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते, हे गावोगावी ठाऊक आहे.

अचूक मोजणी

भूमि अभिलेख विभागाचे मोजणीदार रोव्हर नावाचे यंत्र वापरतात. ज्यांचे स्थान अगोदरच अचूक ठाऊक आहे अशी कायम केंद्रे उपग्रहांच्या लहरींतील चूक क्षणोक्षणी ताडून पाहतात आणि ती दुरुस्ती मोबाइल जाळ्यावरून रोव्हरला कळवितात. त्यामुळे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक मिळते.

परंतु यंत्र उभे आहे ती जागा कोणती, एवढेच रोव्हर सांगतो. हद्द कोठे असावी हे मूळ मोजणीच्या टिपणावरून व नकाशावरून ठरते. जुना दगड हलविला अगर नकाशात पोटहिस्सा नोंदलेला नसला, तर उत्तम यंत्रही तो दोष दूर करू शकत नाही. म्हणून हद्दीचे दगड जपावेत, वाटणी झाल्यावर पोटहिस्स्याची मोजणी करून घ्यावी आणि मोजणीच्या वेळी लगतच्या शेतकऱ्यांनी हजर राहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतात फोनने मोजणीचे प्रात्यक्षिक दाखवावे. प्रत्येक कोपऱ्यावर थोडे थांबावे, बांध सोडून आडवे जाऊ नये आणि माप दोनदा घेऊन ताडून पाहावे. मात्र फोनवरील रेषा पाहून कोणी बांध कोरू लागल्यास त्याला वेळीच थांबवून मोजणीसाठी अर्ज करण्यास सांगावे. अंदाजाला फोन आणि हद्दीला सरकारी मोजणी, हा भेद पाळल्यास हे नवे साधन शेतकऱ्याच्या खऱ्या हिताचे ठरेल.