दूरच्या वाचकाची तालिका

ग्रंथालयात प्रत्यक्ष पाऊल टाकणाऱ्या वाचकाला तालिकेतील उणीव फारशी जाचत नाही. पुस्तकाची नोंद सापडली नाही, तर तो कपाटांमधून हिंडतो, ग्रंथपालाला विचारतो. वर्षानुवर्षे त्याच मांडणीत वावरलेला एखादा शिपाईदेखील त्याला नेमके पुस्तक काढून देतो. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी या सोयीला बहुधा पारखा असतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना 1989 मध्ये झाली. त्याचे मुख्यालय गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे असले, तरी त्याचा विद्यार्थी सुरगाण्यात असू शकतो, अक्कलकुव्यात असू शकतो, किंवा दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणारा मुंबईचा कामगार असू शकतो. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीद आहे. त्या घरात बसलेल्या विद्यार्थ्यापुरते ग्रंथालय म्हणजे पडद्यावर उमटणारी तालिका होय. तिच्यात जे पुस्तक सापडत नाही, ते त्याच्या लेखी ग्रंथालयात नाहीच.

अशा विद्यापीठात जुनी संगणक प्रणाली सोडून नवी ऑनलाइन तालिका स्वीकारण्याचा बेत आखला जातो, तेव्हा चर्चा प्रणालीच्या नावापाशीच घोटाळत राहण्याचा धोका असतो. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी सिद्ध केलेली ‘सोल’ ही प्रणाली 2000 मध्ये आली व तिची तिसरी आवृत्ती 2021 मध्ये निघाली. दुसरी ‘कोहा’. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडेल अशी भीती होती. त्या निकडीतून ही प्रणाली जन्मली आणि पुढे जगभर मुक्तपणे वापरली जाऊ लागली. ‘कोहा’ म्हणजे माओरी भाषेत भेट. परंतु भेट मिळालेल्या गाईलाही वैरण लागतेच. दोहोंपैकी कोणतीही निवडली, तरी जुन्या नोंदी जशा असतील तशाच तिच्यात उतरणार आहेत, आणि खरा प्रश्न त्या नोंदींचा आहे.

उदाहरणासाठी नाशिकबाहेर जाण्याचे कारण नाही. ‘विशाखा’चे कवी कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची दोन नावे आहेत, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र सांगावे लागते. कार्डांच्या तालिकेत यासाठी ‘हेही पाहा’ असे निर्देश देणारे स्वतंत्र कार्ड असे. संगणकीय व्यवस्थेत नावांच्या अशा जोडण्या ग्रंथनोंदींहून वेगळ्या ठेवल्या जातात आणि स्थलांतराच्या घाईत केवळ ग्रंथनोंदी हलवल्या, तर त्या मागे राहतात. मग ‘शिरवाडकर’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांची कविता दिसत नाही आणि ती दिसत नाही हे त्याला कळतही नाही.

लिपीचा गुंता याहून बिकट आहे. ग्रंथालयांत संगणक नवे होते त्या काळात अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदवली गेली आणि प्रत्येक नोंदणाऱ्याने आपापल्या कानाप्रमाणे स्पेलिंग केले. ‘शिरवाडकर’ या एका आडनावातील ‘व’ कोणी ‘व्ही’ने लिहिला, कोणी ‘डब्ल्यू’ने. जिथे देवनागरी वापरली गेली, तिथेही ती पुष्कळदा अशा टंकांत होती की युनिकोडच्या व्यवस्थेत उघडताच तिची निरर्थक चिन्हे व्हावीत. रूपांतर करणारी साधने आहेत. पण जोडाक्षरांत ती चुकतात, आणि ती चूक मराठी जाणणाऱ्या डोळ्यालाच दिसते. युनिकोडमध्येही सारे निर्वेध नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’मधील ‘ऱ्या’ दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. प्रणालीला तशी शिकवण दिलेली नसेल, तर यंत्र त्यांना दोन भिन्न शब्द मानते. शिवाय 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांची नावे मुखपृष्ठावरील अनुस्वारांसह नोंदवलेली असतात, तर आजचा विद्यार्थी ते अनुस्वार टंकत नाही.

हे काम अशक्य मुळीच नाही. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 आणि पुढे 1938 ते 1950 या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी यंत्र नव्हते. त्यांच्याजवळ होती ती प्रत्येक पुस्तक स्वतः पाहून नोंदण्याची चिकाटी. विद्यापीठाने तेवढी तपश्चर्या करण्याची गरज नाही. परंतु काही शे नोंदींचा नमुना आधी हलवून पाहावा, त्यांतील चुकांची प्रतवारी करावी, आणि मगच वेळापत्रक ठरवावे, एवढी शिस्त अवश्य हवी. व्यवहारात क्रम उलटा असतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि नोंदींची शुद्धी ‘सवडीने’ करण्याचे आश्वासन मिळते. ही सवड कधीच येत नाही, कारण नवी प्रणाली सुरू झाली की खर्चाचे शीर्षकच बंद होते. निविदेत यंत्रे आणि प्रणाली यांच्या रकमा असतात. दोन-तीन मराठी जाणकार तालिकाकारांचे वर्षभराचे वेतन क्वचितच असते. वास्तविक ते पहिल्या पानावर असावे.

करारात आणखी एक अट विसरता कामा नये: सर्व नोंदी ‘मार्क 21’ या प्रमाणित स्वरूपात, मागाल तेव्हा, विद्यापीठाच्या हाती मिळाल्या पाहिजेत. आजची नवी प्रणाली दहा-पंधरा वर्षांनी जुनी होणार आहेच, आणि तेव्हा पुन्हा सामान हलवावे लागेल. जुनी तालिका निदान एक सत्र नवीच्या जोडीने चालू राहावी. दाखलनोंद पुस्तके तर रद्दीत काढण्याचा विचारही मनात आणू नये, कारण वाद पडला की अखेरचा पुरावा तीच असतात.

राहिली चाचणी. ती मुख्यालयातील खोलीत, प्रणाली बसवणाऱ्यांच्या देखरेखीखाली करण्यापेक्षा एखाद्या दूरच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी करावी. तिथल्या विद्यार्थ्यांना आपापल्या फोनवर, त्यांना सुचेल त्या शब्दांनी, मराठीत आणि रोमनमध्ये, शुद्ध आणि अशुद्ध, पुस्तके शोधू द्यावीत. जे शब्द रिकाम्या हाताने परततील, त्यांची यादी सोमवारी सकाळी ग्रंथपालाच्या टेबलावर पोचावी.